खाणीच्या तळ्यावरचा काजळपंख्या

चष्मेवाल्याच्या दुकानात लहानमोठे सात आरसे होते. गिऱ्हाईक फ्रेम चढवतं, मान डावीकडे करतं, उजवीकडे करतं आणि सोबतच्या माणसाला विचारतं, "म्हातारा दिसतो का गं मी?" त्यासाठी आरसे लागतातच. पण त्या वर्षी जवळजवळ दोन महिने चष्मेवाला या सातही आरशांना पाठ करून बसत असे. बायकोनं विचारलं तर म्हणाला, उजेड डोळ्यांवर येतो. उजेड कसला येतोय, कपाळ! स्वतःचं तोंड बघायची लाज वाटत होती, एवढंच खरं.

झालं होतं असं.

चष्मेवाल्याला चतुरांचे फोटो काढायचा नाद होता. चतुर म्हणजे तो लांब शेपटीचा, चार पारदर्शक पंखांचा किडा, पाण्यावर भिरभिरतो तो. सगळ्यांनी पाहिलेला असतो आणि कुणीच धड पाहिलेला नसतो. सुट्टीच्या दिवशी लोक उशिरा उठतात, हा गृहस्थ पहाटे उठून तळ्याकाठच्या चिखलात पोटावर पालथा पडायचा. फोटो एका चुटकीचा, पण त्यासाठी वाट दोन-दोन तासांची. एकदा तर एका वाटसरूनं मेलाबिला समजून त्याला काठीनं ढोसलं होतं. "जिवंत आहे हो," असं हा न हलताच पुटपुटला, कारण समोर गवतावर चतुर बसला होता. बिचारा वाटसरूच घाबरून पळाला.

हा नाद लावला बाईंनी. बाई म्हणजे त्याच्या शाळेतल्या शास्त्राच्या बाई. हा लहानपणी मागच्या बाकावर बसायचा आणि फळ्यावरचं काहीच्या बाही उतरवून घ्यायचा. घरच्यांना वाटायचं, पोरगं मठ्ठ आहे. बाईंनी एक दिवस त्याला पुढं बोलावलं, पुन्हा मागं धाडलं, पुन्हा पुढं बोलावलं, आणि संध्याकाळी स्वतः त्याच्या घरी जाऊन सांगितलं, "मठ्ठ नाही, त्याला दिसत नाहीये." मग जाड भिंगांचा चष्मा आला आणि त्याबरोबर नावही आलं, भिंग्या. वर्ग चिडवायला म्हणायचा, बाई लाडानं म्हणायच्या. आता याचं स्वतःचं दुकान झालं, कानशिलं पांढरी झाली, तरी बाईंचा भिंग्या तो भिंग्याच.

बाई मुदतीआधीच शाळेतून निवृत्त झाल्या आणि खाणीच्या तळ्याच्या मागे लागल्या. गावाबाहेर दगडाची जुनी खाण होती, तिच्यात पाणी साठून तळं झालेलं. शेजारी पाणीपुरवठ्याची टाकी, लोखंडी कठडा, काठाला लव्हाळं. बावीस वर्षं बाई रोज सकाळी तिथं जायच्या आणि जे दिसेल ते वहीत लिहायच्या. वहीचे रकाने ठरलेले. तारीख, वेळ, ऊन की ढग, कुठला चतुर, किती. आणि शेवटचा रकाना अगदी अरुंद, त्यात दोनच शब्दांपैकी एक. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं तर "पाहिलं". दुसऱ्या कुणी येऊन सांगितलं तर "ऐकीव". मग सांगणारा कितीही मोठा असो. बाईंचा सख्खा भाऊ, चांगला कॉलेजातला प्राध्यापक, एकदा पाहुणा आला आणि म्हणाला, आज मी तळ्यावर पिवळा चतुर पाहिला. बाईंनी त्याला चहा दिला आणि वहीत लिहिलं, ऐकीव. भाऊ दोन दिवस रुसला होता.

दुसरा नियम म्हणजे वहीत खाडाखोड नाही. चुकलं तर चुकलेलं तसंच ठेवायचं आणि त्याखाली तारीख घालून खरं काय ते लिहायचं. "खोडलं की चूक दिसत नाही," बाई म्हणायच्या, "आणि चूक दिसली नाही की ती पुन्हा होते."

या सगळ्याला एकच अपवाद होता. भिंग्यानं काही सांगितलं, फोटो दाखवला, की बाई त्याच्यापुढं "पाहिलं" लिहायच्या. मंडळातले लोक थट्टा करायचे, बाईंचा लाडका म्हणून. बाई म्हणायच्या, "त्यानं पाहिलं म्हणजे मी पाहिलं." चष्मेवाल्याची मान त्या वाक्यानं ताठ व्हायची. आयुष्यात त्याला मिळालेलं सगळ्यात मोठं प्रमाणपत्र तेच, दुकानाच्या भिंतीवर लावता येत नव्हतं इतकंच.

मंडळ म्हणजे रविवारी फिरायला जाणाऱ्या निसर्गवेड्यांचं. दर वर्षी वाचनालयाच्या हॉलमध्ये त्यांचं फोटोंचं प्रदर्शन भरायचं. अट अशी की फोटो आपल्याच गावातला हवा आणि जिवाला हात न लावता, तो असेल तसा काढलेला हवा. सलग तीन वर्षं पहिला नंबर दातांच्या डॉक्टरानं पटकावला. त्याच्याकडे तोफेएवढी लेन्स. तो चष्मेवाल्याच्या पाठीवर थाप मारून म्हणायचा, "चालू द्या, चालू द्या, तुमचेही बरे येतात." त्या "बरे" या शब्दानं चष्मेवाल्याचा जळफळाट व्हायचा. दात उपटणाऱ्यानं डोळ्यांच्या माणसाला सांगावं, बरे येतात!

त्याच सुमारास तो मेहुण्याकडे डोंगरात चार दिवस गेला होता. तिथल्या ओढ्यावर त्यानं काजळपंख्या पाहिला. गर्द निळं अंग आणि चारही पंखांची टोकं काजळात बुडवल्यासारखी काळी. हा चतुर वाहत्या, थंड पाण्याचा. गावाकडे कुणी कधी पाहिलेला नाही. तीन दिवस चष्मेवाला ओढ्यात कमरेइतका भिजला, दोनशे फोटो काढले आणि दोनशेही हलले. चौथ्या दिवशी, निघायच्या दिवशी, एक काजळपंख्या दगडावर टेकला. चष्मेवाल्याचा हात डोक्याकडे गेला, टोपी निघाली आणि दगडावर पालथी पडली. आधी ठरवलं नव्हतं, असं तो पुढं स्वतःला शंभरदा सांगायचा. पण डब्याच्या झाकणाला भोकं पाडताना तरी ठरवूनच पाडली होती ना?

चार तासांचा प्रवास. घरी येऊन डबा फ्रिजमध्ये. थंडीनं चतुराचं अंग बधिर होतं, तो मरत नाही पण उडतही नाही, हे फोटो काढणाऱ्यांत सगळ्यांना ठाऊक असतं आणि करतो असं कुणी कबूल करत नाही. सकाळी बायकोनं लोणी काढायला फ्रिज उघडला आणि हातात भलताच डबा आला.

"हे काय आहे?"

"चतुर आहे. हळू."

"माझ्या फ्रिजमध्ये? लोण्याशेजारी?"

"अगं, एका सकाळचा प्रश्न आहे."

"लाज नाही वाटत?" बायको म्हणाली. ती लोण्यापुरतंच बोलत होती. पण तो शब्द त्या सकाळी घरात पहिल्यांदा उच्चारला गेला, आणि पुढं हललाच नाही.

खाणीच्या तळ्यावर त्यानं काजळपंख्याला चिमटीत धरून लव्हाळ्यावर बसवला. मागं लोखंडी कठडा दिसेल अशी जागा निवडली, म्हणजे तळं कुठलं याची शंकाच नको. साठ फोटो काढले. काय फोटो आले! पंखांची जाळी न् जाळी मोजून घ्यावी. उन्हानं चतुराच्या अंगात थोडी ऊब आली, पंख थरथरू लागले, उडायच्या आधी ते थरथरतातच. पण बळ पुरलं नाही. पाय सुटले आणि तो पाण्यात पडला. चष्मेवाल्यानं बघितलं. हात लांब केला असता तर पोचला असता. पण कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो कसे आलेत ते बघण्यात तो गुंग होता, आणि मान वर केली तेव्हा पाण्यावर काही नव्हतं.

पहिला नंबर आला, ढाल मिळाली. दातांच्या डॉक्टरानं हात मिळवला आणि मनापासून म्हणाला, "मानलं बुवा." चष्मेवाला हरभऱ्याच्या झाडावर चढला तो थेट शेंड्यापर्यंत. तिथून त्याला बाई दिसल्या. त्या फोटोसमोर उभ्या होत्या. पाच मिनिटं झाली, दहा मिनिटं झाली, हलेनात.

"भिंग्या, हा आपल्या तळ्यावर?"

आता बघा, देव माणसाला एक संधी देतोच. एक "नाही" म्हणायचं होतं. फार तर काय, नंबर गेला असता, चार लोक हसले असते.

"होय बाई."

"हा तर वाहत्या पाण्याचा प्राणी रे."

"टाकीचा पाइप गळतो ना, त्या कोपऱ्यात. तिथं पाणी वाहतं थोडं." उत्तर तयारच होतं. खोटं बोलणाऱ्याची तयारी खरं बोलणाऱ्यापेक्षा नेहमी जास्त असते.

बाईंनी पिशवीतून वही काढली, हॉलमधल्याच एका खुर्चीवर बसल्या आणि लिहिलं. काजळपंख्या, एक. खाणीचं तळं, पाइपाचा कोपरा. बावीस वर्षांत पहिल्यांदा. आणि शेवटच्या अरुंद रकान्यात "पाहिलं". लिहिताना त्यांचा चेहरा असा उजळला होता की चष्मेवाला दुसऱ्याच कुणाच्या फोटोपुढं जाऊन उभा राहिला.

दुसऱ्या दिवसापासून बाई पाइपाच्या कोपऱ्यात बसू लागल्या. घडीचं स्टूल, पाण्याची बाटली, मांडीवर वही. पूर्वी तासाभरात परतायच्या, आता सकाळी सहापासून अकरापर्यंत. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई, गुडघ्यात दुखणं, आणि डोक्यावर ऊन. आठवडा झाला, पंधरवडा झाला, महिना झाला. जो प्राणी तिथं नव्हताच त्याची त्या वाट बघत होत्या.

चष्मेवाल्यानं तळ्यावर जाणंच सोडलं. कुणी विचारलं तर कंबर धरलीय म्हणायचा. खाई त्याला खवखवे म्हणतात ते काही उगाच नाही. दुकानाची काच वाजली तरी दचकायचा. बायको बाजारातून येताना तळ्यावरून यायची आणि पिशवी ठेवता ठेवता सांगायची, "बसल्यात आजही."

"हं."

"घाम पुसत होत्या. मला म्हणाल्या, भिंग्याचं नशीब बघ, त्याला पहिल्याच फटक्यात दिसला."

"हं."

"हं काय? जा आणि सांग."

"कसं सांगू?"

"तोंडानं."

त्यानं कपडे चढवले, दारापर्यंत गेला आणि चप्पल शोधत बसला. चप्पल पायातच होती.

त्यानंतर तीन दिवसांनी बाईच दुकानात आल्या. उन्हानं रापलेल्या, वाळलेल्या. तपासायच्या खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "डोळे बघ माझे. काहीतरी बिघडलंय. सव्वा महिना झाला, तुझा काजळपंख्या मला दिसत नाही. तो तिथं आहे आणि मला दिसत नाही, म्हणजे दोष कुणाचा?"

चष्मेवाल्यानं तपासले. बाईंनी तक्ता वाचला. वरची मोठी अक्षरं वाचली, मधली वाचली, सगळ्यात खालची ओळ, जी चाळिशीतल्या माणसांना अडखळवते, तीही घडघडा वाचली. वर विचारलं, "कोपऱ्यात छापखान्याचं नाव आहे, तेही वाचू का?"

डोळे ठणठणीत होते. डोळे ठणठणीत आहेत असं म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, मग दिसत का नाही? त्या प्रश्नाला उत्तर एकच होतं. तीस वर्षांत हजारो डोळे तपासले, कुणाला खोटा नंबर दिला नव्हता. धंद्यातली तेवढी एक गोष्ट त्यानं सोवळ्यात ठेवली होती.

"थोडा वाढलाय, बाई," तो म्हणाला. "अर्धा नंबर."

"वाटलंच," बाई म्हणाल्या, आणि एकाएकी म्हाताऱ्या दिसायला लागल्या.

त्यानं चष्मा केला. नको असलेल्या अर्ध्या नंबराची भिंगं स्वतःच्या हातानं घासली, बसवली, बाईंच्या कानांमागं काड्या नीट वाकवून दिल्या. "होईल सवय," म्हणाला. त्या दिवशी तो जेवला नाही. बायकोनं ताट झाकून ठेवलं. ओळखलं असावं.

नव्या चष्म्यानं बाईंचं डोकं ठणकायला लागलं. तळ्याची उतरण पायाखाली वरखाली व्हायला लागली. तरी त्या बसल्या, आणखी बारा दिवस. तेराव्या दिवशी सकाळी दुकानात एक गिऱ्हाईक फ्रेमा लावून बघत होतं तेव्हा बाई आत आल्या आणि त्यांनी काउंटरवर कापडात बांधलेलं काहीतरी ठेवलं.

"घे."

"काय आहे?"

"वही. बावीस वर्षांची आहे, सांभाळ. आता माझ्यानं होत नाही. डोळ्यांवर विश्वास राहिला नाही तर वही ठेवायचा हक्कही राहत नाही. मला काय दिसतं आणि काय दिसत नाही हेच मला कळेनासं झालंय." बाईंचा आवाज फळ्यापाशी असायचा तसाच स्पष्ट होता, फक्त गाठ सोडताना बोटं चुकत होती. "तुझे डोळे चांगले आहेत. तू लिही."

चष्मेवाल्यानं वहीकडे पाहिलं. मग मान फिरवली तर आरसा. दुसरीकडे फिरवली तर तिथंही आरसा. सात आरशांच्या दुकानात माणूस तोंड लपवणार कुठं?

"बाई, तो तळ्यावर नव्हता."

"काय?"

"काजळपंख्या. मेहुण्याच्या गावाहून आणला होता. डब्यात घालून. फ्रिजमध्ये ठेवला रात्रभर, आणि सकाळी लव्हाळ्यावर मीच बसवला. तुम्हाला दिसला नाही कारण तो कधी नव्हताच तिथं." थांबला असता तर पुन्हा जमलं नसतं, म्हणून तो तसाच बोलत सुटला. "आणि तुमचा नंबर वाढलेला नाही. तुम्ही शेवटची ओळ वाचलीत. मी खोटं सांगितलं. हा चष्मा खोटा आहे, बाई. डोकं त्यानंच दुखतंय."

गिऱ्हाईक नाकावर फ्रेम ठेवून तसंच उभं राहिलं होतं. काढावी की ठेवावी त्याला कळेना.

बाईंनी हळूच चष्मा काढला. पिशवीतून जुना काढून लावला. दाराबाहेर पाहिलं. रस्त्यापलीकडच्या पाटीवरची बारीक अक्षरं ओठांतल्या ओठांत वाचली.

"म्हणजे माझे डोळे शाबूत आहेत," त्या म्हणाल्या.

"हो, बाई."

"शाबूत आहेत!" आणि त्या हसल्या. खरंच हसल्या, पोरीसारख्या. चष्मेवाल्यानं शिव्यांची तयारी ठेवली होती, एखाद्या थोबाडीतीचीही ठेवली होती. या हसण्याची ठेवली नव्हती. या बाईला आपण दोन महिने आंधळेपणाच्या भीतीत ठेवलं, हे त्याला त्या हसण्यातून समजलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्याला.

मग हसू ओसरलं. "त्याचे पुढचे पाय," बाई म्हणाल्या. "धडधाकट चतुर निवांत बसला की पुढचे दोन पाय डोक्यामागं दुमडून घेतो, आठवतं? मीच शिकवलं होतं. तुझ्या फोटोतला सहाही पायांनी काडीला कवटाळून बसलाय, पडणाऱ्या माणसासारखा. मला प्रदर्शनातच दिसलं होतं ते. मी म्हटलं, भिंग्या खोटं बोलणार नाही, माझीच नजर कमी झाली असेल."

चष्मेवाल्याला रडू आलं. त्यानं ते थांबवलं नाही.

"त्याचं काय झालं?"

"पाण्यात पडला. मी फोटो बघत होतो."

बाईंनी वहीचं ते पान उघडलं आणि पेन त्याच्यापुढं ठेवलं. "खोडायचं नाही. खाली लिही. तारीख घाल."

त्यानं लिहिलं. काजळपंख्या इथला नाही. डोंगरातल्या ओढ्यावरून डब्यातून आणला, गारठवून बसवला, तो बुडून मेला. मी केलं. बाईंनी जुन्या चष्म्यातून शब्द न् शब्द वाचला, वही कापडात बांधली, काखेत घेतली आणि निघाल्या. दारात वळून म्हणाल्या, "गिऱ्हाईकाला ती फ्रेम मोठी होतेय, बघ." चष्मेवाल्यानं पाहिलं तर खरंच मोठी होत होती.

त्या रविवारी त्यानं मंडळात सगळं सांगितलं, ढाल परत केली. दातांच्या डॉक्टरानं या वेळी पाठीवर थाप मारली नाही. ते जास्त लागलं.

पुढं हिवाळ्यात एका सकाळी तो पुन्हा तळ्यावर गेला. कॅमेरा नेला नव्हता. बाई आपल्या जुन्या जागी बसल्या होत्या. त्यांनी सरकून त्याला कठड्यापाशी जागा करून दिली. हवापाण्याचं बोलल्या, बायको कशी आहे विचारलं, बाटलीतलं पाणी दिलं. जरा वेळानं बाईंच्या पाठीमागं एक लाल चतुर दगडावर टेकला. लाल चतुर म्हणजे अगदीच साधा, गटारावरसुद्धा दिसतो. बाई वळेपर्यंत तो उडाला.

"लाल होता, बाई. एक. दगडावर."

बाईंनी वही उघडली. तारीख, वेळ, ऊन. लाल चतुर, एक. सुबक अक्षरात सगळे रकाने भरले. मग शेवटच्या अरुंद रकान्यापाशी पेन क्षणभर थांबलं, आणि त्यांनी लिहिलं, ऐकीव.

लपवलं नाही. वही त्याला दिसेल अशीच धरली होती.

"बरोबर आहे, बाई," चष्मेवाला म्हणाला.